प्रकल्प नोंदी : स्पॅनिशमधलं हाड, इंग्रजी जोड्या आणि मराठी रकाना

2 सप्टेंबर

आराखडा ठरला. स्पॅनिशच्या बी2 पातळीवर (युरोपीय मोजपट्टीवरची वरची मध्यम पातळी) पोचलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी सरावाच्या कार्डांचा संच, विषय एकच : हाड. स्पॅनिशमध्ये वेसो, अनेकवचनी वेसोस. प्रत्येक कार्डाला आठ रकाने : वाक्प्रचार, शब्दशः अर्थ, खरा अर्थ, कुठल्या देशात चालतो, बोलण्यातला की लिहिण्यातला, इंग्रजी जोडी, मराठी जोडी, आणि शेवटचा 'इथे घसरतात'. या शेवटच्या रकान्यात चूक नेमकी कुठे आणि का होते ते लिहायचं. तो रिकामा असेल तर कार्ड अपुरं समजायचं.

कार्डांवर स्पॅनिश तिच्या मूळ लिपीतच राहील. या नोंदींत सगळं देवनागरीत, म्हणून लेखनाचे नियम आधीच पक्के केले. स्पॅनिशचे त आणि द दातांना जीभ लावून उच्चारायचे असतात, अगदी मराठीसारखे. इंग्रजीच्या सवयीने तिथे ट-ड येतात ते बंद. एक अक्षर मूळ लिपीत इंग्रजी 'जे'सारखं दिसतं, त्याचा उच्चार घशातून घासून येणारा ख, म्हणून आपण ख लिहू. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तो ह इतका हलका होतो. स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून थ-सारखा येणारा ध्वनी आपण अमेरिका खंडातल्याप्रमाणे स लिहू. ब आणि व हा फरक स्पॅनिश कानाला नाही, तिथे सरळ ब. वेसोतला व मात्र उ आणि ए मिळून झालेला.

4 सप्टेंबर

'वेसो' या शब्दाची एक गाठ पहिल्याच कार्डाच्या मागे लिहायचं ठरलं, कारण पुढची बरीच रूपं तिच्यावर अवलंबून आहेत.

मूळ लॅटिन शब्दात आघाताचा ऱ्हस्व ओ होता. स्पॅनिशमध्ये तो आघाताखाली 'वे' झाला. आघात दुसरीकडे गेला की जुना ओ तसाच दिसतो : ओसारिओ म्हणजे अस्थींची खोली, ओसामेन्ता म्हणजे सांगाडा. विद्वानांनी लॅटिनमधून थेट उचललेल्या ओसेओ म्हणजे 'हाडाचा' या विशेषणातही ओच आहे. 'हाडं काढून टाकणे' या क्रियापदाची तर दोन रूपं आहेत, देसोसार आणि देस्वेसार. पहिलं घेतलं तरी 'मी हाडं काढतो' म्हणताना देस्वेसो असंच म्हणावं लागतं, कारण आघात तिथे येतो.

मूळ लिपीत वेसोच्या आरंभी मुका 'एच' आहे. लॅटिनमध्ये तो नव्हता. जुन्या हस्तलिखितांत उ आणि व यांना एकच अक्षर होतं. शब्दाच्या सुरुवातीला ते व वाचलं जाऊ नये म्हणून लेखनिकांनी आधी 'एच' ठेवला. म्हणूनच ओसारिओमध्ये तो नाही आणि वेसोत आहे. विद्यार्थी ओसारिओलाही 'एच' लावतात, तिथे हे कारण सांगितलं की चूक थांबते.

ऐकण्याच्या सरावासाठी : गावाकडच्या आणि घरगुती बोलण्यात 'ग्वेसो' ऐकू येतं. शब्द तोच. आपण म्हणायचं वेसो, पण ओळखायचं दोन्ही.

9 सप्टेंबर

उदाहरणं गोळा करण्याची पद्धत. स्पॅनिश राजअकादमीचे तीन मजकूरसंग्रह, म्हणजे खऱ्या लिखाणातल्या वाक्यांचे साठे, वापरतोय : 1974पर्यंतच्या मजकुरासाठी कोर्दे, 1975 ते 2004साठी क्रेआ, आणि 2001पासून पुढे कोर्पेस. आजची चलनातली रूपं कोर्पेसमधून घ्यायची, कारण तिथे देशानुसार गाळणी लावता येते.

नुसता वेसो शोधला तर हाती येतं ते रस्सा, हाडासकटचं हॅम, अस्थिभंग आणि उत्खननातले सांगाडे. म्हणून क्रियापद धरून शोधायचं. 'दार' हे क्रियापद आणि त्यानंतर चार शब्दांच्या आत वेसोस, असं.

शोधतानाच नको ते शब्द वगळण्याचा मार्ग टाळायचा. अस्थिमज्जेचे वैद्यकीय मजकूर नकोत म्हणून 'मेदुला' वगळला की 'आस्ता ला मेदुला', म्हणजे 'मज्जेपर्यंत', हा अख्खा वाक्प्रचार त्याबरोबर गळतो. सगळं आधी उतरवून घ्यायचं आणि मग प्रत्येक वाक्याला खूण लावायची : शरीर, स्वयंपाक, फळ, वाक्प्रचार.

कोशात पाहताना आणखी एक लक्षात ठेवायचं. अकादमीच्या कोशात (23वी आवृत्ती, 2014) वाक्प्रचार त्यातल्या पहिल्या नामाखाली नोंदवतात. त्यामुळे 'दे कार्ने इ वेसो' सापडेल मांस या शब्दाखाली, आणि 'आ ओत्रो पेर्रो कोन एसे वेसो' सापडेल कुत्र्याखाली. फक्त वेसोची नोंद वाचून यादी करणाऱ्यांच्या हातून हे दोन्ही सुटतात. अमेरिका खंडातल्या वापरासाठी अकादमींच्या संघाचा 2010चा अमेरिकी शब्दांचा कोश हाताशी ठेवला आहे.

13 सप्टेंबर

तिन्ही भाषांत हाड जागेवर राहतं असे वाक्प्रचार आधी उरकले.

'एस्तार एन लोस वेसोस', शब्दशः हाडांत असणे. इंग्रजी स्किन अँड बोन्स, मराठी हाडांचा सापळा. व्याकरण महत्त्वाचं : आज दिसणारी अवस्था सांगताना एस्तार, आजारपणाने तसं होणं सांगताना केदार्से. 'केदार्से एन लोस वेसोस' म्हणजे 'नुसती हाडं उरली'. दोन्हींत वेसोस अनेकवचनीच.

थंडीसाठी 'उन फ्रिओ के काला लोस वेसोस', हाडं गोठवणारी थंडी, इंग्रजीत बोन चिलिंग. कार्ड झालं.

पावसाला मात्र वेगळं कार्ड. 'कालादो आस्ता लोस वेसोस' म्हणजे हाडांपर्यंत भिजलेला. इंग्रजीत पाणी बहुधा कातडीपर्यंत जातं, सोक्ड टु द स्किन. मराठीत नखशिखांत किंवा चिंब. कालादो हे विशेषण भिजणाऱ्या माणसाप्रमाणे बदलतं : बाई भिजली तर कालादा, बायका भिजल्या तर कालादास. वेसोस पुल्लिंगी आहे म्हणून कालादोस लिहिणारे बरेच असतात. कार्डावर मुद्दाम स्त्रीलिंगी वाक्य घेतलं.

16 सप्टेंबर

'दे कार्ने इ वेसो'. मांस आणि हाडाचा. इंग्रजी जोडी फ्लेश अँड ब्लड, म्हणजे तिथे हाडाच्या जागी रक्त. मराठीत हाडामासाचा माणूस. इंग्रजीवरून येणारा विद्यार्थी इथे अडखळतो, रक्त कुठे गेलं ते शोधतो. मराठीवरून आला तर त्याला शिकायला काही उरतच नाही, फक्त क्रम उलटा आहे एवढं सांगावं लागतं. मराठी रकाना इंग्रजीच्या आधी आणायचा का, हा विषय इथून सुरू झाला.

इंग्रजी जोडीने होणारी खरी चूक पुढची. इंग्रजीत फ्लेश अँड ब्लड नातेवाइकांसाठीही वापरतात, आपल्याच रक्ताचा या अर्थी. स्पॅनिशमध्ये कार्ने इ वेसो त्या अर्थी चालत नाही. तिथे 'सांग्रे दे मि सांग्रे', माझ्या रक्ताचं रक्त, असं म्हणतात. मराठीत 'रक्ताचं नातं' आणि 'हाडामासाचा माणूस' हे दोन अर्थ आधीच वेगळे आहेत.

रूप गोठलेलं आहे : अनेक माणसांबद्दल बोललं तरी वेसो एकवचनीच. 'पेर्सोनास दे कार्ने इ वेसो'.

20 सप्टेंबर

'उन वेसो दुरो दे रोएर', कुरतडायला कठीण हाड. इंग्रजीत टफ नट टु क्रॅक. मराठीत काम असेल तर लोखंडाचे चणे. तिन्हीकडे दातच कामाला लागतात, फक्त दाताखाली येणारी वस्तू बदलते. माणूस किंवा प्रतिस्पर्धी संघ असेल तर लोखंडाचे चणे बसत नाहीत. तिथे 'सहजी न नमणारा' असं साधं लिहिलं.

वेसो म्हणजे फळातली कठीण बीसुद्धा, त्यामुळे इंग्रजी नट पाहून काही जण इथे जर्दाळूची बी कल्पितात. रोएर हे क्रियापद तो गोंधळ मिटवतं : कुत्रा किंवा उंदीर करतो ते कुरतडणं म्हणजे रोएर. हाडच आहे. याचं अनेकवचन नियमाने होतं : वेसोस दुरोस दे रोएर.

याचं धाकटं भावंड स्पेनच्या शाळा-कॉलेजांत सतत ऐकू येतं. 'एसे प्रोफेसोर एस उन वेसो' म्हणजे तो शिक्षक फार कडक आहे, सहजासहजी पास करत नाही. अवघड विषयालाही वेसो म्हणतात. बाई शिक्षिका असली तरी 'उन वेसो'च, लिंग बदलत नाही.

मराठी विद्यार्थ्यासाठी हे संचातलं सर्वात फसवं कार्ड. आपल्याकडे 'हाडाचा शिक्षक' ही फार मोठी दाद आहे. शिकवणं ज्याच्या स्वभावातच आहे, त्याला आपण ती देतो. तेच शब्द उचलून स्पॅनिश शिक्षकाला वेसो म्हटलं तर कौतुकाची तक्रार होते. हाडाच्या शिक्षकाला स्पॅनिशमध्ये 'मायेस्त्रो दे बोकासिओन' म्हणायचं. 'इथे घसरतात' रकान्यात हे लाल अक्षरांत घातलं आहे.

24 सप्टेंबर

'दार कोन सुस वेसोस एन ला कार्सेल'. अर्थ : शेवटी तुरुंगात पोचणे. इंग्रजी एंड अप इन जेल, हाड नाही. मराठी गजाआड जाणे.

चूक इथे होते : 'दार कोन' याचा नेहमीचा अर्थ 'सापडणे, शोधून काढणे'. तो धरून विद्यार्थी 'तुरुंगात हाडं सापडली' असं वाचतात आणि गुन्हेकथेचं वाक्य समजतात. ओळखायची खूण म्हणजे हाडांआधीचा 'सुस', त्याची स्वतःची. 'दिओ कोन सुस वेसोस एन ला कार्सेल' : गेला आत. जागा बदलली की अर्थ सरकतो. 'एन एल स्वेलो' लावलं तर जमिनीवर आपटला.

27 सप्टेंबर

जीभ. स्पॅनिशमध्ये जिभेचं एक बोलीतलं नावच 'ला सिन वेसो', बिनहाडाची. 'दार्ले आ ला सिन वेसो' म्हणजे जीभ चालवत राहणे, गप्पा हाणणे. इंग्रजीत वॅग वन्स टंग, हाड नाही. 'ला' स्त्रीलिंगी आहे, कारण मागे लेंग्वा म्हणजे जीभ हा स्त्रीलिंगी शब्द गृहीत आहे. वेसो पाहून 'एल सिन वेसो' केलं की वाक्प्रचारच मोडतो.

मराठीत जिभेला हाड नसणे. प्रतिमा एकच, पण रोख वेगळा. आपल्याकडे त्यात दोष आहे : वाटेल ते बोलतो, भान नाही. स्पॅनिशमध्ये भर बडबडीवर आहे, बोलणारा वाईट असं त्यात नाही. म्हणून मराठी जोडी म्हणून 'जिभेला हाड नसणे' न लिहिता 'तोंडाचा पट्टा चालू ठेवणे' घेतलं, आणि हाडाची म्हण टिपेत ठेवली.

आपल्या म्हणीचा रोख ज्या स्पॅनिश म्हणीत आहे ती अशी : 'ला लेंग्वा नो त्येने वेसो, पेरो कोर्ता लो मास ग्र्वेसो'. जिभेला हाड नाही, पण जाडजूड तेही कापते. वेसो-ग्र्वेसो या यमकामुळे ती पाठ होते. मध्ययुगीन इंग्रजीतही जीभ हाड मोडते, तिला स्वतःला हाड नसलं तरी, अशा अर्थाची म्हण होती, पण आजच्या बोलण्यात ती उरलेली नाही.

1 ऑक्टोबर

'आ ओत्रो पेर्रो कोन एसे वेसो' : हे हाड दुसऱ्या कुत्र्याला घाल. म्हणजे या थापा दुसऱ्याला मार, मी फसणार नाही. ब्रिटिश इंग्रजीत पुल द अदर वन, जुन्या वळणाने टेल इट टु द मरीन्स. सर्वान्तेसच्या 'दोन किखोते' (इंग्रजीत डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या 1605 मधल्या पहिल्या भागात, 32व्या प्रकरणात, खानावळवाला पाद्रीबाबाला हेच ऐकवतो : वीरकथा खोट्या आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. वापर आजही तसाच, समोरच्याच्या तोंडावर. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना तो जमत नाही. वाक्यात क्रियापद नाही आणि घालायचंही नाही.

5 ऑक्टोबर

'पिन्चार एन वेसो', हाडावर टोचणे. बैलझुंजीतला. शेवटच्या टप्प्यात मातादोर बैलाच्या दोन खांद्यांमधल्या ठरावीक जागेत तलवार घुसवतो. नेम चुकून ती हाडावर बसली की आत जात नाही, उसळते. त्यावरून अर्थ : ज्या माणसाकडून किंवा प्रकरणातून काही साधेल वाटलं तिथे साफ अडणे. इंग्रजी हिट अ ब्रिक वॉल. मराठीत 'तिथे त्याची डाळ शिजली नाही', आणि हे इंग्रजीपेक्षा जवळचं आहे, कारण त्यातही समोर माणूस आहे, भिंत नाही. वेसोआधी उपपद लावायचं नाही. देशाचा रकाना : स्पेन.

'एस्तार पोर लोस वेसोस दे' अमुक : अमुकवर जीव जडणे. हाही स्पेनचा, मित्रांच्या बोलण्यातला. इंग्रजी क्रेझी अबाउट. परीक्षेच्या निबंधात नको.

'नो देखार वेसो सानो', एकही हाड धड न ठेवणे. मारहाणीला आणि झोडपणाऱ्या टीकेलाही. मराठीत हाडं खिळखिळी करणे. टीकेसाठी आपण 'सालटी काढणे' म्हणतो, म्हणजे आपण कातडीवर थांबतो.

10 ऑक्टोबर

मेक्सिको. इथे वेसोला स्वतंत्र अर्थ आहे : सरकारी पद, राजकीय ओळखीने मिळालेली जागा. 'आन्दार बुस्कान्दो वेसो' म्हणजे कुठे वर्णी लागते का ते पाहत फिरणे. 'नो सोल्तार एल वेसो' म्हणजे खुर्ची न सोडणे. इंग्रजीत प्लम जॉब म्हणता येतं, पण मराठीत वर्णी, खुर्ची, मलईदार खातं हा सगळा शब्दसाठा तयार आहे आणि अर्थाच्या छटेला तोच पुरतो.

इंग्रजीतल्या थ्रो अ बोन टु समवन याची जोडी इथे लावायची नाही. त्यात समजूत काढण्यापुरता तुकडा टाकणं आहे, मेक्सिकोच्या वेसोत पगार आणि अधिकार आहे.

दुसरं मेक्सिकन कार्ड 'दे वेसो कोलोरादो', लाल हाडाचा : पक्का, कट्टर. 'मेखिकाना दे वेसो कोलोरादो' म्हणजे अस्सल मेक्सिकन बाई. कोलोरादो हाडाशी जुळतो, बाईशी नाही, म्हणून कोलोरादा कधीच होत नाही. इंग्रजी डाइड इन द वूल. मराठीतला 'हाडाचा' इथे थोडा जवळ येतो, पण हाडाचा कलावंत हे कसबाबद्दल असतं, वेसो कोलोरादो निष्ठेबद्दल. मराठी रकान्यात 'कट्टर' आणि 'अस्सल' लिहिलं.

15 ऑक्टोबर

आता उलटी दिशा : इंग्रजीत हाड आहे, स्पॅनिशमध्ये नाही. हा गट मोठा आहे, आणि चुकाही इथेच जास्त, कारण मराठी विद्यार्थी इंग्रजी वाक्प्रचार आधी शिकलेला असतो आणि तो शब्दशः उचलतो.

बोन ऑफ कन्टेन्शन. शब्दशः केलं तर 'वेसो दे कोन्तेन्सिओन'. पण स्पॅनिश कोन्तेन्सिओन म्हणजे भांडण नव्हे, अडवून धरणं : 'मुरो दे कोन्तेन्सिओन' म्हणजे माती कोसळू नये म्हणून बांधलेली भिंत. वाक्याला अर्थच राहत नाही. बरोबर रूप 'ला मान्साना दे ला दिस्कोर्दिआ', कलहाचं सफरचंद. ग्रीक पुराणात पेलेउस आणि थेटिस यांच्या लग्नात न बोलावलेल्या एरिस देवीने टाकलेलं सोन्याचं फळ, त्यावरून पॅरिसचा निवाडा आणि पुढे ट्रॉयचं युद्ध. मराठीत कलहाचं मूळ.

मेक नो बोन्स अबाउट इट. इंग्रजीत 15व्या शतकापासून आहे : सूपात हाड न लागणे, म्हणजे काही खटकत नाही, इथून अर्थ सरकत आला. स्पॅनिशमध्ये दोन रूपं. 'सिन रोदेओस' : रोदेओ म्हणजे वळसा, म्हणजे आढेवेढे न घेता. 'सिन तापुखोस' : तापुखो म्हणजे तोंड झाकायचं आवरण, म्हणजे आडपडदा न ठेवता. दोन्ही वेळा मराठी शब्द स्पॅनिशवर तंतोतंत बसतो आणि इंग्रजी हाडाची गरजच पडत नाही.

अ बोन टु पिक. स्पॅनिशमध्ये 'तेनेर उना क्वेन्ता पेन्द्येन्ते', हिशेब बाकी असणे. पुन्हा थेट मराठी. फक्त तीव्रता सांभाळायची : 'आखुस्ते दे क्वेन्तास', हिशेब चुकता करणं, हे बातम्यांत टोळ्यांमधल्या खुनांसाठी येतं. भाड्याच्या खोलीतल्या सोबत्याने भांडी घासली नाहीत एवढंच बोलायचं असेल तर 'तेन्गो उना केखा', माझी एक तक्रार आहे, असं साधं म्हणावं.

या तिन्हींनंतर निर्णय झाला. रकान्यांचा क्रम बदलला : मराठी जोडी आधी, इंग्रजी नंतर.

17 ऑक्टोबर

हा क्रम सगळीकडे फायद्याचा आहे असं मात्र नाही. वर्क युअर फिंगर्स टु द बोन घ्या. मराठीत हाडाची काडं करणे, इंग्रजीतही हाड, पण स्पॅनिशमध्ये 'देखार्से ला प्येल', कातडी ठेवून येणे, किंवा 'पार्तिर्से एल लोमो', पाठ मोडून घेणे. इथे मराठी आणि इंग्रजी मिळून विद्यार्थ्याला एकाच चुकीकडे ढकलतात. अशा कार्डांना वेगळी खूण.

बोन ड्राय : 'मास सेको के ला मोखामा', खारवून वाळवलेल्या टूनाच्या पट्टीपेक्षा कोरडं. स्पेनचा, दक्षिण किनाऱ्याच्या खाण्यातला. मराठीत ठणठणीत कोरडं.

स्केलेटन इन द क्लोझेट : 'उन कादाबेर एन एल आर्मारिओ', किंवा घरातली भानगड असेल तर 'त्रापोस सुसिओस', मळकी फडकी.

23 ऑक्टोबर

फील इट इन माय बोन्स. 'सिएन्तो एन लोस वेसोस' म्हटलं तर ऐकणारा थंडी किंवा संधिवात समजेल. स्पॅनिशमध्ये ही जाणीव हृदयात असते, 'तेन्गो उना कोरासोनादा', किंवा स्पेनमध्ये नाकात, 'मे दा एन ला नारिस'. मेक्सिकोत 'मे लाते', आतून धडधडतं. पण जाणीव वाईटाची असेल तर शब्द वेगळा, आणि त्याने संचात एक नवी फांदी उघडली.

तो शब्द एस्पिना. स्पॅनिशमध्ये झाडाचा काटा आणि माशातलं बारीक हाड या दोघांना एकच शब्द. इंग्रजीत थॉर्न आणि फिशबोन वेगळे पडतात. मराठीत बाभळीचाही काटा आणि पापलेटचाही काटाच. लॅटिन स्पिनापासून पुढे पाठीचा कणाही यातच येतो : एस्पिना दोर्साल, आणि त्याचं रांगडं रूप एस्पिनासो.

'मे दा माला एस्पिना', मला वाईट काटा देतं : काहीतरी ठीक नाही असं वाटतं. मराठीत मनात पाल चुकचुकणे. दोन्ही फक्त वाईटासाठी. कोरासोनादा चांगल्यासाठीही चालते, म्हणून तिला पालीची जोडी लावायची नाही. माला आधीच येतो, उपपद नसतं, आणि ज्याच्यामुळे शंका येते ती गोष्ट कर्ता : 'एसे सिलेन्सिओ मे दा माला एस्पिना', ही शांतता मला बरी वाटत नाही.

'तेनेर उना एस्पिना क्लाबादा', काटा रुतलेला असणे : मनात सल असणे. क्लाबादा काट्याशी जुळतो, म्हणून पुरुष बोलत असला तरी स्त्रीलिंगी.

'साकार्से ला एस्पिना', स्वतःचा काटा काढणे. इथे थांबून नीट पाहायला हवं. मराठीत 'त्याचा काटा काढला' म्हणजे त्याला वाटेतून दूर केला, बहुतेक वेळा ठार केला. स्पॅनिशमध्ये काटा स्वतःला रुतलेला असतो, मागच्या हाराचा, हुकलेल्या संधीचा. गेल्या वर्षी अंतिम सामना हरलेला संघ यंदा जिंकला की बातमीत हेच वाक्य येतं. मराठीत पराभवाचं उट्टं काढणे. क्रीडाबातमी वाचून विद्यार्थ्याने खून समजू नये, म्हणून कार्डावर सामन्याचंच उदाहरण ठेवलं.

एस्पिनासोचं एकच कार्ड : 'दोब्लार एल एस्पिनासो', कणा वाकवणे. कष्टाचं काम करणे आणि मान तुकवणे, दोन्ही अर्थ. इंग्रजी बेंड ओव्हर बॅकवर्ड्स याच्याशी संबंध नाही, तिथे दुसऱ्यासाठी वाट वाकडी करणं आहे.

1 नोव्हेंबर

सर्वसंत दिन. स्पेनच्या मिठाईच्या दुकानांत आज वेसोस दे सान्तो, संतांची हाडं. बदामाची पूड आणि साखर यांच्या मार्सिपानच्या पांढऱ्या नळ्या, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचा गोड सारण, मज्जेच्या जागी. खाद्यपदार्थाचं नाव आहे, वाक्प्रचार नाही, म्हणून संचाबाहेर. त्याच नियमाने 'आसेइतुनास सिन वेसो' म्हणजे बी काढलेली ऑलिव्ह हेही बाहेर. फळाच्या बीला अर्जेंटिना-चिलेकडे कारोसो म्हणतात एवढी टीप मात्र पहिल्या कार्डावर हवी.

6 नोव्हेंबर

कोपरावर मार बसला की झिणझिण्या येतात ती जागा : इंग्रजी फनी बोन, स्पेनमध्ये 'वेसो दे ला रिसा', हसण्याचं हाड. लागते ती नस, अल्नार. कोंबडीतलं विशबोन : एस्पोलेता. हाच शब्द बॉम्बच्या फ्यूजलाही आहे, तेव्हा युद्धाच्या बातमीत कोंबडी शोधू नये.

12 नोव्हेंबर

फाइल तयार करताना. अल्पविरामाने रकाने तोडले तर स्पॅनिश वाक्यांतले अल्पविराम रकाने फोडतात, म्हणून टॅब. फाइल यूटीएफ-8मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या एन्कोडिंगमध्ये, जतन करायची. एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरी आणि स्पॅनिशची आघातचिन्हं दोन्ही बिघडू शकतात, म्हणून आयातीच्या खिडकीतून एन्कोडिंग निवडून उघडायची. अँकी या कार्ड-सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना 'उलटं कार्डही बनवा' हा पर्याय बंद. उलट्या कार्डावर प्रश्न 'कट्टर' असा येतो आणि त्याची उत्तरं अनेक होतात. उलटा सराव हवा तिथे पूर्ण वाक्य द्यायचं आणि फक्त वाक्प्रचाराची जागा रिकामी ठेवायची.

आवाजाच्या फाइली देशाच्या रकान्याप्रमाणे : वेसो कोलोरादो आणि मे लाते मेक्सिकोच्या आवाजात, पिन्चार एन वेसो स्पेनच्या. 'मे दा एन ला नारिस'च्या शेवटी स्पेनमध्ये थ येतो आणि आमच्या लेखनात स आहे. त्या कार्डावर उच्चार वेगळा लिहून ठेवला.